नियाजची दहा दिवसांची रजा

नियाज बागवानला दहा दिवसांची रजा हवी होती. गोष्ट एवढीच. ती मिळायला सात महिने लागले, आणि आमच्या कंपनीची अक्कल किती खोल आहे ते मला त्यात दिसलं. खोल कसली, घोटाही बुडायचा नाही.

खराडीतल्या या कंपनीत मी अ‍ॅडमिनला आहे. ओळखपत्रं, चाव्या, मीटिंगची टिपणं हे माझं काम. नियाज आयटी सपोर्टला. म्हणजे साडेचारशे लोकांपैकी कुणाचाही कॉम्प्युटर अडला की टेबलाखाली शिरणारा माणूस. त्याच्या वडिलांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं; बोटांतली कला त्यांचीच. पूर्वी या कामाला चौघं होते. एक सोडून गेला, एकाला काढलं, तिसरीची बदली झाली. नवीन कुणी घेतलं नाही, कारण ‘नियाज आहे ना!’ ओढणाऱ्या बैलाच्याच मानेवर जू ठेवायचं, याला इथे नियोजन म्हणतात.

तक्रारी काय, तर ‘स्क्रीन काळी झालीय, अर्जंट!’ हा धावत जाणार, बघतो तर भिंतीवरचं बटण बंद. परदेशात शिकून आलेली माणसं. खाली वाकून बटण बघायचं म्हणजे त्यांना कमीपणा. नियाज हसून सांगायचा, “ताई, आज पाच बटणं दुरुस्त केली.”

गेल्या दिवाळीनंतर ते हसणं थांबलं. डबा उभ्यानं खाऊ लागला. दिवसाला चाळीस जणांना नवा पासवर्ड काढून देणारा हा माणूस एकदा स्वतःचाच पासवर्ड विसरला. एका सकाळी कार्ड हातात धरून दारापाशी नुसता उभा.

“काय रे, आत येणार की नवस बोलतोयस?”

“पाय उचलत नाहीयेत, ताई.”

मी त्याच्या हातातलं कार्ड घेऊन दार उघडलं.

मग त्याच्या बायकोचा, अफशीनचा फोन आला. “ताई, घरी फोन वाजला की हे दचकून उभेच राहतात. मुलीनं काही मागितलं तर ‘नोंद केलीय’ म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नकोत, दहा दिवस काम बंद. माझे सासरे तापलेला सेट कधी उघडायचे नाहीत. आधी बंद करायचा, थंड होऊ द्यायचा. यांना कोण बंद करणार?”

नियाज चिठ्ठी घेऊन मॅनेजरकडे, पृथ्वीराज सरांकडे गेला. सर म्हणाले, “तिकीट टाक. प्रोसेस म्हणजे प्रोसेस.”

तिकीट म्हणजे आमच्याकडे कॉम्प्युटरवर नोंदवलेली तक्रार. एचआरच्या ऋतिका मॅडमनी मोठ्या हौसेनं त्यात ‘कर्मचारी स्वास्थ्य’ असा नवा रकाना काढला होता. रंग छान होता, वर पानाफुलांचं चित्र होतं. फक्त त्यातले अर्ज जातात कुठे, ते बघायचं राहिलं होतं. ते जाऊन पडायचे सपोर्टच्या यादीत. सपोर्ट म्हणजे नियाज. त्याचा रजेचा अर्ज त्याच्याच पुढ्यात आला. त्यानं तो एचआरकडे धाडला. एचआरनं ‘विषय सपोर्टचा’ असा शेरा मारून परत लोटला. असं नऊ वेळा. रस्ता बदलायचा अधिकार फक्त मॅडमना. तो त्यांना सांगायला गेला तर म्हणाल्या, “अरे, मग त्यासाठी वेगळं तिकीट टाक ना!”

जूनमध्ये मॅडमनी कार्यशाळा ठेवली. ‘थकवा ओळखा, स्वतःला सावरा.’ माईक, प्रोजेक्टर सगळं नियाजनं जोडलं आणि तो मागच्या खुर्चीत बसायला गेला. पृथ्वीराज सर म्हणाले, “तू बाहेर थांब रे, काही बंद पडलं तर?” आत पाहुण्या बाई लक्षणं सांगत होत्या: विसरणं, दचकणं, जेवणावरची वासना जाणं, सकाळी कामावर पाय न वळणं. मी काचेतून बघत होते. लक्षणं बाहेर पॅसेजमध्ये फरशीवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. आतली मंडळी माना डोलवत ढोकळा खात होती.

पुढच्या सोमवारी नियाजनं यादी उघडली. एकशे त्रेसष्ट तिकिटं. सगळी एकदम निवडली आणि ‘निवारण झाले’ करून टाकली. तिकीट बंद झालं की तक्रारदाराला आपोआप मेल जातो: ‘तुमची अडचण सुटली का?’ एकशे त्रेसष्ट मेल गेले. कुणाचीच सुटली नव्हती. ऑफिसात नुसता शिमगा.

मंगळवारी मीटिंग. विषय: नियाजला काढायचं की नाही. नियाजला समोरच बसवलेलं, टिपणं घ्यायला मी. सकाळी दगडूशेठला बाहेरूनच हात जोडून आले होते. मागणं काही नव्हतं, एवढंच म्हटलं, आज माझ्या जिभेला आवर घालू नकोस.

“हा घातपात आहे,” पृथ्वीराज सर म्हणाले. “बंद केलेली सगळी यादी स्क्रीनवर दाखवतो.” त्यांनी लॅपटॉप जोडला. स्क्रीन काळीच. सरांनी वायर हलवली, मॅडमनी रिमोट आपटला. मग सर अगदी सहज म्हणाले, “नियाज, जरा बघ ना.”

ज्याला काढायचं, त्यालाच! लाज कुठे विकत मिळत असती तर मी स्टेशनरीबरोबर मागवली असती.

नियाज सवयीनं अर्धा उठला आणि परत खाली बसला.

“आधी माझं तिकीट बघा, सर. सात महिने झाले.”

“कुठलं तिकीट?”

“यादीत पहिलंच आहे,” मी म्हटलं, “पण स्क्रीन दिसत नाहीये ना तुम्हाला. म्हणून कागदावर आणलंय.” रजेचा अर्ज आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी मॅडमपुढे ठेवली, वर पेन ठेवलं. घड्याळ चाललं होतं, आणि तीनला परदेशी साहेबांबरोबर याच स्क्रीनवर मीटिंग होती. मॅडमनी सही केली. दया येऊन नव्हे, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये.

नियाज उठला, भिंतीपाशी वाकला.

“बटण बंद होतं, सर.”

स्क्रीन उजळली. पहिल्याच ओळीत त्याचा अर्ज, आणि खाली एचआर-सपोर्ट, एचआर-सपोर्ट अशा नऊ खेपा. त्यानंतर काढायचा विषय कुणी काढला नाही. मी टिपणात सगळं लिहिलं, बटणासकट.

रजेच्या चौथ्या दिवशी पृथ्वीराज सर माझ्या टेबलाशी आले. घाम फुटला होता.

“अहो, नियाजचा फोन बंद आहे. त्याच्या बायकोचा नंबर असेल ना तुमच्याकडे?”

नंबर होता. आदल्याच दिवशी अफशीन बोलली होती: दोन दिवस नुसते झोपले, आज बसून जेवले.

“तिकीट टाका, सर,” मी म्हटलं.