दाजींसारखी गाडी

शेंद्र्याच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं पगारी ड्रायव्हर होतो. मग एका ट्रान्सपोर्टवाल्यानं त्याचा ट्रक मला करारावर दिला. सगळे हप्ते फिटले की गाडी माझी होणार होती, मधेच सोडली तर भरलेले पैसे त्याचे. प्रत्येक भाड्यातून तो आधी हप्ता कापून घ्यायचा. डिझेल, टोल, टायर माझ्याकडं. महिनाअखेर हातात उरायचं ते जुन्या पगारापेक्षाही कमी.

फुलंब्रीला सासरी जेवायला बसलो असताना मेहुणा म्हणाला, "दाजी, मीबी नोकरी सोडतो. मला तुमच्यासारखी गाडी मिळवून द्या."

तोही पगारी ड्रायव्हरच होता, आणि त्याचा पगार वेळेवर व्हायचा. मी काहीही न लपवता त्याला माझी खरी कमाई सांगितली.

"मग तुम्ही का सोडत नाय?"

"सोडली तर आजवर भरलेलं सगळं बुडतं."

तो नुसता हसला. सासरे ताटाकडं बघतच म्हणाले, "मदत करायची नसंल तर सरळ नाय म्हणा, जावईबापू."

मी उरलेली भाकरी संपवून हात धुवायला उठलो.

दिवाळीनंतर मेहुण्यानं त्याच ट्रान्सपोर्टवाल्याकडून गाडी घेतली. आता शेंद्र्याच्या नाक्यावर आमच्या दोन्ही गाड्या भाड्याची वाट बघत शेजारी-शेजारी उभ्या असतात. आम्ही माझ्याच केबिनमध्ये बसून डबा खातो. सासऱ्यांचा फोन आला की तो म्हणतो, "लई बरं चाललंय," आणि फोन माझ्या हातात देतो. मीही तेच सांगतो.