कावळा नसलेला किनारा

कुवेतमध्ये कावळे नाहीत हे माझ्या लक्षात यायला सासूबाई जाव्या लागल्या. तोवर मला तिथे बरीच वर्षं झाली होती. सालमियातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत चिमण्या यायच्या, पारवे यायचे, घाण करून जायचे. कावळा कधी आला नाही आणि त्याची आठवणही कुणी काढली नाही. उलट गॅलरीत वाळत घातलेले सांडगे निर्धास्त राहतात म्हणून मी खूश होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर आणि मी एका इस्पितळात नर्स. सासूबाई गेल्याची तार आली ती बकरी ईदच्या आधी. त्या काळी आमचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत असत, आणि तिजोरी उघडणारा मुदीर, म्हणजे मोठा साहेब, सुट्टीवर परदेशी गेलेला. नवऱ्याने ज्याच्या त्याच्या हातापाया पडून पाहिलं. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून दुःख व्यक्त केलं आणि सगळ्यांनी ईदनंतर या म्हणून सांगितलं. तिकडे कऱ्हाडला धाकट्या दिरांनी अग्नी दिला. इकडे नवरा सालमियातल्या न्हाव्याकडून डोकं तुळतुळीत करून आला, आणि चटईवर बसून राहिला.

दहाव्याच्या संध्याकाळी दिरांचा ट्रंक कॉल आला. फोनवर नवरा फक्त ऐकत होता. मध्ये एकदा त्याने विचारलं, "माझं नाव घेतलंत?" नंतर, "मी परत येईन असं सांगितलंत?" फोन ठेवून तो मला म्हणाला, "आईच्या पिंडाला कावळा शिवला नाही. समोरच्या झाडावर कावळेच कावळे होते म्हणे. एक खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा करून शिववला."

गेलेल्याची इच्छा उरली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, आणि जिवंत माणसांनी ती इच्छा ओळखून हात जोडून कबूल केली की झडप घालतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा नवरा यातलं काही मानत नव्हता. लग्नानंतर आमच्या घरी साधी सत्यनारायणाची पूजा घालायला मला भांडावं लागलं होतं. पण त्या संध्याकाळपासून त्याला अन्न जाईना. "ती माझ्यासाठी अडली आहे," एवढंच तो म्हणायचा. "धाकट्याने माझ्या वतीने कबूल करून काय उपयोग? मी करायला हवं."

आता माझं सांगते. मी घाबरले होते. सासूबाईंची इच्छा काय होती ते मला न सांगता कळत होतं. लेकाने परत यावं. आणि मला परत जायचं नव्हतं. इस्पितळात एक अख्खा वॉर्ड माझ्या शब्दावर चालायचा. कऱ्हाडला गेले असते तर मी थोरली सून झाले असते, डोक्यावर पदर आणि चुलीपुढे पाट. जिवंत माणसाला दिलेला शब्द कसाही फिरवता येतो. मेलेल्या आईच्या पिंडापुढे हात जोडून दिलेला शब्द माझ्या नवऱ्याने मरेपर्यंत फिरवला नसता. म्हणून कावळा सापडू नये असं मला वाटत होतं, आणि नवऱ्याचं तोंड बघून सापडावा असंही वाटत होतं.

फरवानियात आमचे एक स्नेही राहत. रत्नागिरीकडचे, मुसलमान, पत्र्याच्या सामानाचं दुकान होतं त्यांचं. आम्ही त्यांना भाई म्हणत असू. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि माझ्या आमटीला नावं ठेवून दोनदा वाढून घ्यायचे. भेटायला आले तेव्हा नवऱ्याने त्यांना सगळं सांगितलं. भाई लगेच म्हणाले, "कावले सुबियाला हायत. मच्छीमारांच्या धक्क्यावर. मी माझ्या डोल्यांनी बगितलेत, काले कुल्ल, वलीनं बसलेले. बसऱ्याच्या खजुरीतनं येतात ते."

"नक्की?" मी विचारलं.

"वयनी, कोकणातल्या माणसाला कावला वलखाय शिकवताव?"

ईदची नमाज आणि कुर्बानी उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी भाई पिकअप घेऊन दारात हजर झाले. तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, तांदूळ, काळे तीळ. पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. ईदची सुट्टी संपायच्या आत कावळा शिवला पाहिजे, असं नवऱ्याने मनाशी ठरवलं होतं. शास्त्रात दहाव्यानंतर पिंड घेऊन असं हिंडायला सांगितलेलं नाही हे त्यालाही माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

जहरा गाव मागे पडलं आणि उजव्या हाताला आखाताचं उथळ पाणी दिसायला लागलं. ओहोटी होती. चिखल थेट क्षितिजापर्यंत चमकत होता आणि त्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची एक लांबच लांब गुलाबी रांग उभी होती. शेकड्यांनी असावेत. माना खाली घालून सगळे आपापल्या जेवणात. भाईंनी गाडी थांबवली, चप्पल काढली आणि चिखलाच्या काठाशी जाऊन ओरडले, "वयनी, निवट्या!"

खरंच निवट्या होत्या. अलिबागच्या खाजणात मी लहानपणी पाहिल्या होत्या तशाच, फुगीर डोळ्यांच्या, चिखलावरून टणाटण उड्या मारणाऱ्या. भाई आणि मी ते मासे बघून इतके हरखलो की कशासाठी आलोय हे क्षणभर विसरलो. मग मी मागे वळून पाहिलं. नवरा गाडीपाशी उभा होता. एवढे रोहित समोर असून तो त्यांच्याकडे बघत नव्हता. दूर चिखलात काहीतरी काळं होतं, त्याच्यावर त्याची नजर खिळली होती. "ते बघ," तो म्हणाला. ते फाटक्या टायरचं कातडं होतं. मी सांगितलं तरी तो पाहतच राहिला.

त्या किनाऱ्याने आम्ही पुढे पुढे जात राहिलो. एका बाजूला उघडा बोडका डोंगरकडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधे वाळूचे ढिगारे. प्रत्येक ढिगाऱ्याच्या डोक्यावर एक खुरटं झुडूप असायचं, त्यानेच ती वाळू धरून ठेवलेली. वाळूवर रात्री हिंडून गेलेल्या कोल्ह्याच्या पावलांची माळ उमटलेली असायची. एकदा काटेरी शेपटीचा, घोरपडीसारखा एक प्राणी उन्हाला आला होता, तो आमच्याकडे अगदी तुच्छतेने बघून बिळात गेला. एरवी मी या सगळ्यावर भाळले असते. त्या दिवसांत मी नुसतं आभाळ बघत होते, आणि आभाळ रिकामं दिसलं की मला बरंही वाटायचं आणि लाजही वाटायची.

पहिल्या मुक्कामाच्या सकाळी नवऱ्याने समुद्रात अंघोळ केली. ओलेत्याने स्टोव्हवर भात केला, तीळ घालून गोळा वळला, एका उंच ढिगाऱ्यावर ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. नोव्हेंबरचा वारा बोचरा होता. तो कुडकुडत होता. भाई पाठ करून दूर बसले. मी मात्र ऐकू येईल इतक्या जवळ होते.

"आई, धाकट्याच्या पोरीला मी शिकवीन," तो म्हणाला. थांबला. "आई, आत्याला अंतर देणार नाही." पुन्हा थांबला. "तुळशीवृंदावन बांधून घेईन."

पांढरे कुरव पक्षी तेवढ्यात गोळा झाले. एकाने खाली झेप घेतली तसा माझा नवरा दोन्ही हात हलवत धावत सुटला. "हड्! हड्!" कावळ्याखेरीज दुसऱ्या कुणी पिंडाला तोंड लावलेलं त्याला चालणार नव्हतं. एवढा मोठा इंजिनिअर, बोडक्या डोक्याचा, कमरेला पंचा, पक्ष्यांना शिंपले मारत होता. मला हसू आलं. तो दमून बसल्यावर भाताचा गोळा चिंबोऱ्यांनी ओढून नेला. परत येण्याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी वरून कोरड्या दिसणाऱ्या खारट जमिनीत रुतली. काढता काढता दुपार झाली. त्या सकाळीही पिंड ठेवून झाला होता, कुरव हाकलून झाले होते, वाटणीची जमीन धाकट्याच्या नावे करण्याचा शब्द देऊन झाला होता. मी वाट पाहत होते त्या शब्दाची. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत यायचा, हे मला दिसायचं, आणि तो तोंड फिरवायचा.

सुबियाला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन-चार होड्या, एक मोडका धक्का, आणि पाण्यात रोवलेल्या खांबांवर ओळीने काळे पक्षी. भाईंनी हॉर्न वाजवला. "बगा! सांगितलं होतं की नाय?"

गाडी थांबायच्या आत नवरा उतरून धावला. धक्क्याच्या टोकाला जाऊन थांबला. आम्ही मागोमाग गेलो. पक्ष्यांच्या माना लांब होत्या, चोची आकडेदार, आणि एकाने आपले ओले पंख वाळत घातल्यासारखे दोन्ही बाजूंना पसरले. पाणकावळे. भाईंचा चेहरा उतरला. "लांबनं काले दिसले वयनी..." ते पुटपुटले. मी त्यांना नको ते बोलले. दुकानात पत्रा विकता, तोच विका म्हटलं. ईदचे दिवस सोडून ते आमच्यासाठी आले होते, आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले.

जाळी आवरणाऱ्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने नवऱ्याचं बोडकं डोकं पाहिलं आणि, हजला डोकं भादरतात म्हणून, हसून विचारलं, "हजहून इतक्या लवकर परतलास?" भाईंनी अरबीत त्याला सांगितलं, याची आई गेली. म्हाताऱ्याचं हसू मावळलं. त्याने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही वेळ काढला नाही. कावळे येतात का, हेही भाईंनी विचारलं. येतात कधी कधी, बसऱ्याच्या नदीपलीकडून, तो म्हणाला. यंदा नाही आले.

शेवटच्या सकाळी धुकं होतं. नवऱ्याने पिंड ठेवला, हात जोडले आणि या वेळी काहीच बोलला नाही. त्याचा चेहरा पाहवेना. इस्पितळात मी मरणारी माणसं पाहिली होती, त्यांचेही चेहरे इतके ओढलेले नसत. माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"अहो, म्हणून टाका," मी म्हटलं. "परत येतो म्हणा. मी येईन तुमच्याबरोबर. खरंच येईन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला वाटलं मी तुझ्यासाठी थांबलो होतो?"



"मलाच जायचं नाहीये गं," तो म्हणाला. "मी तिच्याशी खोटं कसं बोलू?"

मग तो पिंडाकडे वळला, आणि शाळेतून उशिरा घरी आलेलं मूल बोलेल तशा आवाजात म्हणाला, "आई, मी परत येणार नाही. मला इथे बरं वाटतं. माझी वाट बघू नकोस. तू जा आता."

तो थांबला नाही. आभाळाकडे पाहिलं नाही. तांब्या उचलून तंबूकडे निघून गेला. मी तिथेच उभी होते. धुक्यातून कुरव आले, त्यांना हाकलणारं कुणी नव्हतं. पिंडावर पडले, भांडले, आणि बघता बघता वाळूवर शीत राहिलं नाही. ते शिवणं झालं की नाही हे सांगायला माझ्याकडे शास्त्र नाही.

परतीच्या वाटेवर नवरा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. तार आल्यापासून तो पहिल्यांदा असा झोपत होता, तोंड उघडं टाकून. भाई हळू गाडी चालवत होते. मी त्यांची माफी मागितली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे वयनी, तुमची आमटी खातो ती काय कमी सजा हाय?"

मला हवं होतं ते झालं होतं. आम्ही कऱ्हाडला जाणार नव्हतो, वॉर्ड सुटणार नव्हता, कुणी शब्दात अडकलं नव्हतं. तरी जहऱ्याची घरं दिसायला लागली तसं मला रडू फुटलं, आणि नवरा जागा होऊ नये म्हणून मी खांदा न हलवता रडले.

अलिबागला माझी आई होती. धडधाकट, स्वतःचं पाणी स्वतः भरणारी. दर रजेच्या शेवटी ती मला एसटी स्टँडवर पोचवायला यायची आणि खिडकीशी उभी राहून विचारायची, "आता कायमची कधी गं येणार?" मी दर वेळी हसून म्हणायची, "येईन की." माझ्या नवऱ्याने आपल्या आईला खरं सांगितलं ते ती गेल्यावर. मला ते जिवंत आईला सांगायचं होतं, तिच्या डोळ्यांकडे बघून, आणि पुढची रजा तीन महिन्यांवर आली होती.