हेमांगीसाठी आलेला फोन

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला सांगेन म्हणत राहिले आणि आता ती नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मला नीट मांडता येणार नाही — आणि नीट मांडता न येणं मला मुळीच खपत नाही.

मी कामाची बाई आहे. इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत नवं मराठी कुटुंब आलं, की पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात हजर असते. कुठल्या वारी कुठला कचरा, सायकल कुठे लावायची, तापाला कुठला दवाखाना, सगळं लिहिलेला कागद फ्रिजवर चिकटवूनच परतते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा इतिहास लिहायचा ठरला, तेव्हा काम माझ्याकडेच येणार होतं. ‘ताई, तुम्ही तर टीव्हीवर गाऊन आलात, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?’ — असं म्हणतात आणि मी हसते. वर्षानुवर्षं हसते आहे.

इतिहास तसा सोपा आहे. इथल्या एका वाहिनीवरची स्पर्धा. गाणी जपानी, गाणारे परदेशी, आणि एका देशाचा एकच गायक. सुरुवातीला ती एक गंमत होती. कुणी ब्राझीलचा, कुणी फिलिपिन्सची, आपापल्या देशाचे कपडे घालून उभे राहायचे, आणि नुसते शब्द स्पष्ट आले तरी परीक्षक थक्क व्हायचे. पुढे लोक खरंच चांगले गाऊ लागले, तसे परीक्षक कडक झाले. मग प्रेक्षकांची मतं आली. करोनाच्या साथीत गायकांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर गायलं. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून तीच — प्रत्येक गायकाबरोबर त्याचं ‘ओएन्दान’ हवं, म्हणजे नावाचा फलक धरून ओरडणारी आपली माणसं.

एवढं मी एका बैठकीत लिहिलं. मग आमच्या वर्षाशी आले आणि तिथेच अडकले. वाक्य लिहायचं, खोडायचं, पुन्हा तेच लिहायचं. स्वतःचा इतका राग आला, की लॅपटॉप मिटून भांडी घासायला उठले.

हेमांगीबद्दल सांगते. ती मूळची सांगलीची, राहायला जवळच्याच फुनाबोरीला. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली, कडेवर लेक इरा, जपानी जेमतेम दुकानात पुरेल एवढं. आणि गळा — काय सांगू? शब्दांचे अर्थ मी समजावून द्यायचे. बंदरावर बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं तिचं. अर्थ माझ्याकडून घेऊन ती गायची, आणि ते ऐकून मलाच वाटायचं की आपल्याला अर्थ आत्ता कळला. वेळ पाळायची नाही, सरावाला इराचे खेळण्यातले डबे घेऊन यायची, वर मलाच चिडवायची, ‘ताई, तुम्ही टाळीसुद्धा वेळापत्रक बघून वाजवता!’ मी हसायचे. लागायचंही.

कारण मीही गात होते. ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्याकडे सगळे सतरंज्यांचा हिशेब मागायला यायचे, गाणं म्हणा असं कुणीच म्हणत नसे.

आम्ही दोघींनी अर्ज केले. दोघीही शेवटच्या चाचणीपर्यंत गेलो, आणि भारतातर्फे तिथे आम्ही दोघीच उरलो होतो. हेमांगीच्या दृष्टीने त्यावर बरंच अवलंबून होतं. तिच्या नवऱ्याने, प्रसादने, माझ्यासमोर चहा पिता पिता सांगून टाकलं होतं, ‘निवड झाली तर शनिवार-रविवार इराला मी बघतो, तू रीतसर गाणं शीक. नाही झाली तर हे खूळ पुरे. जेवणाचे डबे भरतात त्या कारखान्यात माणसं घेतायत.’ तो वाईट माणूस नव्हता. त्याला एक काहीतरी ठरवून हवं होतं. मला ते अगदी पटलंही होतं — बघा, माझ्यासारखंच!

आता फोन नंबरचं. हेमांगीने अर्जात संपर्कासाठी माझा नंबर दिला होता. त्यात वेगळं काही नव्हतं. इथल्या कितीतरी बायका तेच करायच्या. पाळणाघर, दवाखाना, वॉर्ड ऑफिस, सगळीकडे माझा नंबर, कारण फोनवरचं आदराचं जपानी त्यांना झेपत नसे. इरा पाळणाघरात पडली तर आधी मला कळायचं, मग हेमांगीला. इतका विश्वास. मी तो अभिमानाने मिरवायचे.

स्टेशनजवळ सायकल लावत होते, तेव्हा फोन आला. वाहिनीवरची मुलगी फार गोड बोलत होती. भारतातर्फे हेमांगी-सानची, म्हणजे हेमांगीबाईंची, निवड झाली आहे, मनापासून अभिनंदन, त्या सहभागी होतील ना?

घाबरले, गोंधळले, तोंडून काहीतरी निघून गेलं — असं सांगता आलं असतं तर बरं होतं. पण मी गोंधळत नाही. मला अगदी व्यवस्थित माहीत होतं, की जपानी माणसाला ‘घरची अडचण’ एवढे दोन शब्द सांगितले, की तो पुढे काही विचारत नाही. विचारणं असभ्य समजतात. मी तेच शब्द वापरले. हेमांगी-सानना घरच्या अडचणीमुळे जमणार नाही, फार दिलगीर आहोत. पलीकडे ‘अरेरे’ झालं, आणि खरोखरच तिने एक अक्षर विचारलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी माझ्यासाठी.

हेमांगीला मी काय सांगितलं? ‘तुझं नाही झालं गं.’ एवढंच. ती म्हणाली, ‘मग तुमचं झालं असेल!’ आणि मला मिठी मारली.

स्पर्धेच्या दिवशी ती पहाटे इराला घेऊन आमच्याकडे आली. माझ्या साडीच्या निऱ्या तिने बसवल्या. ओएन्दानमध्ये पुढच्या रांगेत माझ्या नावाचा फलक धरून उभी राहिली आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडली. मी गायले. परीक्षक म्हणाले, उच्चार फार स्वच्छ आहेत. आवाजाबद्दल कुणी काहीच बोललं नाही. नंबर आला नाही. एवढं करून मिळवलं ते हे — स्वच्छ उच्चार!

पुढच्या महिन्यात हेमांगी डब्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. गाणं सुटलं. मी तिला शिकवणी शोधून देऊ शकले असते, प्रसादशी बोलू शकले असते. लोकांच्या घरात मी याहून कितीतरी जास्त ढवळाढवळ केली आहे. इथे मात्र केली नाही. ती पुन्हा उभी राहून गायली असती, तर कुणीतरी विचारलं असतं, हिला त्या वर्षी घेतलं कसं नाही?

आता इरा हायस्कूलला आहे. गेल्या शनिवारी त्यांच्याकडे मटार सोलत बसलो होतो. मी स्मरणिकेचं बोलले, तशी इरा हेमांगीला (इथल्या मुलांसारखं ती आईला ‘मामा’च म्हणते) अर्ध्या जपानीत, अर्ध्या मराठीत म्हणाली, ‘मामा, तू पण ट्राय केलं होतंस ना? दामे झालं?’ म्हणजे, नाही जमलं?

हेमांगी खळखळून हसली. ‘अगं, मला कोण घेणार तिथे? ताईंचं जपानी बघ आणि माझं बघ. आपली लायकी आपल्याला कळायला हवी ना!’

तिला ते खरं वाटतं. इतकी वर्षं तिने स्वतःच्या गळ्याबद्दल हेच धरून ठेवलंय, आणि आता मुलीलाही तेच सांगितलं. तोंड उघडायला माझ्याकडे सबंध दुपार होती. मी सालं गोळा केली आणि ती ओल्या कचऱ्यात टाकायला उठले.

हेमांगीला त्यांनी घेतलं होतं. पहिल्याच फोनमध्ये, पहिल्याच वाक्यात. फोन मी उचलला होता.