पापणीवरची घडी

कोरियातल्या दैगूच्या बाजारात माझं दुकान मासळीचं, शेजारचं माल्सून आजींचं किमचीचं, तिखट लावून मुरवलेल्या कोबीचं. त्यांची मुलगी मिरान पलीकडच्या गाळ्यात लग्नाचे कपडे शिवते. कॉलेजप्रवेशाची परीक्षा संपली की आमच्याकडे आया मुलींच्या पापण्यांवर शस्त्रक्रियेने घडी पाडून आणतात, डोळे मोठे दिसावेत म्हणून; तेच परीक्षेचं बक्षीस. आजींनीही मिरानची आणली होती. त्या डोळ्यांचं कौतुक ऐकून माझे कान किटले.

तेच डोळे चाळिशीनंतर कोरडे ठाक पडले. आधी वाळू गेल्यासारखे टोचायचे, मग बुबुळाला जखमा झाल्या, डावा डोळा धूसर झाला. डॉक्टर म्हणाले, तेव्हा घडीसाठी पापणीतली चरबी काढताना अश्रूंची ग्रंथीही कापली गेली. उरलेल्या तुकड्यावर इतकी वर्षं निभावलं. आईला मात्र मिरानने सांगितलं, शिवून शिवून डोळे गेले. मलाही दटावलं. असलं खोटं मला पचत नाही, तरी गप्प बसले.

यंदा मिरानच्या मुलीची, सोयुलची, परीक्षा झाली. आजींनी त्याच दवाखान्यात तारीख घेतली आणि बाजारभर सांगत सुटल्या. कोबीला मसाला चोळताना मिरान म्हणाली, "आई, तिचं नको करूस."

"का गं? तुझं केलं ते काय वाईट झालं?"

मिरानने हातातला कोबी खाली ठेवला. "हो," म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

आजींचे हात तिखटात तसेच राहिले. "म्हणजे मीच केलं की गं हे." ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तारीख रद्द केली आणि जेवणावरून मनच उडालं त्यांचं.

सोयुलला आईने सगळं समजावलं. "तेव्हाचे डॉक्टर वेगळे होते, आई. वर्गात काय मी एकटीच घडीवाचून राहू?" म्हणाली, आणि मैत्रिणीबरोबर दुसऱ्याच दवाखान्यात जाऊन घडी पाडून आली.

घरी जायची हिंमत होईना, म्हणून सुजलेले डोळे घेऊन माझ्या दुकानात बसली. मी चांगली खरडपट्टी काढणार होते, तेवढ्यात मिरान आली. तिने मासळीवरचा बर्फ फडक्यात बांधून पोरीच्या डोळ्यांवर धरला.

"पाणी येतंय का गं डोळ्यांतून?"

पोर हुंदके देतच होती. "येतंय ना. बघ, किती येतंय."

"हं," मिरान म्हणाली. "माझंही तेव्हा येत होतं."