नर कुर्ली

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेत बेलव्ह्यूला मुलाकडे राहायला आलो आणि आमची मंडळी तापाने पडली. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. सून नाना तऱ्हा करून वाढायची, ही दोन घास खाऊन ताट सरकवायची. एकदा मात्र म्हणाली, लाखेची कुर्ली मिळाली तर भात जाईल. कुर्ली म्हणजे खेकडा, आणि लाख म्हणजे मादीच्या पोटातला केशरी गोळा. मी म्हटलं, एवढंच ना? दुकानातली नको, मी धरून आणतो.

मुलाने सुट्टी काढून आम्हा सगळ्यांना पार टोकाच्या किनाऱ्यावर नेलं. नुसतं जंगल, हरणं गुरांसारखी रस्त्यात उभी, आणि एकदम दर्या. माझा परवाना त्याने फोनवरच काढला. लाकडी धक्क्यावरून पिंजरा सोडला आणि थोड्या वेळाने ओढला, तर आत कुर्ल्याच कुर्ल्या. एक नर, बाकी साऱ्या माद्या. त्यातली जडशी मादी मी बादलीत टाकली.

मुलगा म्हणाला, "बाबा, फीमेल ठेवायची नाही. इथे अलाउड नाही."

मला थट्टा वाटली. आमच्याकडे बाजारात हातावर तोलून आधी भरलेली मादी उचलतात. मग इतक्या माद्यांचं इथे करतात काय? शेजारी एक गोरा म्हातारा पिंजरा ओढत होता. सुनेने त्याला विचारलं. तो म्हणाला, सोडतो. त्याचा बापही सोडायचा म्हणे. म्हणजे या माणसाने जन्मात लाख चाखली नव्हती. मला त्याची कीव आली, आणि नवलही वाटलं.

तरी मी बादलीवर टॉवेल टाकला. हिला शब्द दिला होता ना. मुलाचा चेहरा उतरला. त्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं, त्यात दंडाची भानगड त्याला नको होती.

बाकावर शाल पांघरून बसलेली ही सगळं ऐकत होती. म्हणाली, "सोडा तिला. पोराला कोर्टात उभं करून मला कुर्ली नको. आणि तो नर टाकू नका. जन्मभर मला माद्याच खायला घातल्यात, त्याच्यात काय असतं ते बघू दे तरी."

मादी पाण्यात गेली. नर ठेवायलाही ठरावीक माप लागतं, म्हणून मुलाने तो पट्टीने मापला; मापात बसला.

उतरलो होतो त्या घरी मीच तो फोडला. लाख नव्हती. मोहरी वाटल्यासारखं काहीतरी पिवळं होतं, ते मी बोटाने चाखलं. कडवट. डेंगे, म्हणजे पुढच्या नांग्या, मात्र माझ्या मुठीएवढे. बारके पाय मिक्सरला फिरवून त्यांचा रस कालवणात घातला.

हिने आधी वास घेतला. मग डेंगा फोडून चोखला.

"लाखेची सर नाही," म्हणाली. "पण मांस गोड आहे. भात वाढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो. पहिली वर आली ती मादीच. उलटी करून खात्रीसाठी तिचं पोट नीट बघितलं, आणि तिला सोडून नरासाठी पिंजरा पुन्हा पाण्यात टाकला.