मधुभाऊंची दोन सीटांची गाडी

मधुभाऊ गाडीत बसण्याआधी चपला काढायचे. देवळाबाहेर काढाव्यात तशा, दाराशी, जोडीनं. मग अनवाणी पायांनी गाडी काढून निघून जायचे आणि चपला तिथेच राहायच्या. नागपुरात बेसाच्या आमच्या गल्लीत बेवारस चपला दिसल्या की लोक म्हणायचे, "मधुभाऊ गेले वाटते." मी त्यांचा शेजारी, म्हणून त्या उचलून त्यांच्या फाटकाच्या आत ठेवायचं काम माझ्याकडे. एकदा कंटाळून विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, एंजिन काय म्हणून राहिलं, ते पायाले समजलं पाहिजे. चपलेले काय समजते?"

वाडी भागातला ट्रान्सपोर्टचा धंदा मुलाच्या हवाली करून ते बेसाला राहायला आले, ते एका लहानशा लाल गाडीसकट. गाडी दिसायला अगदी बापडी, भाजी आणायला न्यावी अशी. पण आत एंजिन असं दांडगं की सिग्नल सुटला की मोठमोठ्या गाड्यांमधले साहेब मागे चडफडत राहायचे. "चला मास्तर, भेंडी आणू," म्हणून ते मला घेऊन निघत आणि वर्धा रोडवर बुटीबोरीपर्यंत जाऊन परत येत. भेंडी राहूनच जाई. माझी बायको त्यांच्यावर वैतागायची, पण त्यांच्यावर फार वेळ रागावणं कुणाला जमलं नाही.

त्या गाडीत बसण्याची जागा मात्र ठरलेली होती. गावाहून मधुभाऊंचे थोरले भाऊ, दादा, डोळे दाखवायला धंतोलीच्या दवाखान्यात येत. वडील लवकर गेल्यावर दादांनीच मधुभाऊंना वाढवलेलं. त्यामुळे पुढची सीट दादांची. मधुभाऊंच्या पत्नी कुसुमकाकू मागे. त्यांच्या घरी अजून जुनी रीत होती: भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि भावजय शेजारी बसत नाहीत, सरळ बोलतही नाहीत. "चहा पाहिजे का विचारा त्यायले," असं काकू नवऱ्याला सांगायच्या, दादा हातभर अंतरावर बसलेले असताना. दादा नसले तर मामा, मामा नसले तर जावई. काकू मागेच.

एके दिवशी मधुभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, इतक्या वर्षांत गाडीत मले तिचं तोंड आरशातच दिसलं गा. तेही अर्धंच."

दुसऱ्याच महिन्यात लाल गाडी गेली आणि दारात निळी, बुटकी, टप उघडणारी गाडी उभी राहिली. जुनीच घेतलेली, पण झकास. सीट दोनच. नातेवाइकांत हलकल्लोळ झाला. नागपूरच्या उन्हात टप उघडून काय पापड वाळवणार, असं मीही म्हणालो. "आमाले धंतोलीले कोण नेईन?" म्हणून मामांनी फोन केला. मधुभाऊ म्हणाले, "मी गाडी घेतली मामा, ॲम्बुलन्स नाही."

पहिल्या दिवशी काकूंना फुटाळा तलावावर फिरायला न्यायचं ठरलं. काकू नवं पातळ नेसून पुढच्या सीटवर बसल्या. आणि फाटकाशी ऑटो थांबला, त्यातून दादा उतरले. डोळ्याला त्रास होत होता. काकू लगेच गाडीतून उतरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला उभ्या राहिल्या. दादा बसले. निळी गाडी धंतोलीला गेली, आणि पुढेही तसंच होत राहिलं. कधी दादा, कधी मामा. मधुभाऊंचा चेहरा मला पाहवेना.

"गाडी बदलली मास्तर, बाकी काही नाही बदललं," ते म्हणाले. मग एकदम उठले. "चालवणारा तर उतरून जागा देत नाही ना?"

त्या दिवसापासून ले-आउटच्या रिकाम्या प्लॉटांवर काकूंची शिकवणी सुरू झाली. "क्लच सोड वं! हळू! काहून घाबरून राहिली?" "तुमी ओरडून राहिले म्हणून!" असा संवाद सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू यायचा. काकूही अनवाणीच चालवत. पुढे त्यांना लायसन्स मिळालं, तेव्हा मधुभाऊंनी गल्लीभर पेढे वाटले.

दादा पुन्हा आले, तेव्हा मधुभाऊ खुर्चीवर पाय चोळत बसले होते. "दादा, गुडघा धरला. कुसुम नेईन तुमाले." दादांनी गुडघ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. डॉक्टरांची वेळ झाली होती. ते मुकाट्यानं बसले, दाराला खेटून, काकूंकडे पाठ करून. गाडी फाटकाबाहेर गेली मात्र, गुडघा धरलेले मधुभाऊ टुणकन उठून माझ्या स्कूटरवर मागे बसले. "चला मास्तर, सोडू नका!"

वाऱ्यानं काकूंचा पदर सारखा उडत होता. एक हात पदरावर, एक स्टिअरिंगवर. मधुभाऊंची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. सिग्नलला आम्ही अगदी मागे जाऊन थांबलो. टप उघडा होता, त्यामुळे दादांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. भावजयीशी ते पहिल्यांदाच सरळ बोलत होते.

"कुसुम, राहू दे तो पदर. दोन्ही हातानं चालव."

काकूंनी पदर सोडला. सिग्नल सुटला, निळी गाडी पुढे गेली आणि आम्ही मागे तसेच उभे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. "ऐकलं का मास्तर?" मधुभाऊ म्हणाले. मला स्कूटर सुरू करायला वेळ लागला.

त्यानंतर हाच शिरस्ता झाला. पुढे काकू आणि पाहुणे, मागे माझ्या स्कूटरवर नाहीतर ऑटोत मधुभाऊ. आपल्याच गाडीचा पाठलाग इतक्या आनंदानं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मला त्यांची आठवण रोज येते. त्यांच्या चपला अजून फाटकाच्या आत आहेत, मीच ठेवलेल्या.

परवा काकूंनी बऱ्याच दिवसांनी गाडी बाहेर काढली. टप उघडला, चपला दाराशी काढल्या आणि मला हाक मारली. मी शेजारच्या सीटपाशी गेलो, पण बसायला धीर होईना. पाहुणे नसले की ती मधुभाऊंची जागा.

"बसा ना मास्तर," काकू म्हणाल्या. "ते येतीन मागून."