कवेलू फेरण्याचा रविवार

भाजलेल्या मातीच्या कवेलूवर, म्हणजे कौलावर, बोटाच्या सांध्याने ठोकले की जो आवाज येतो, तो मला अजून नेमका ओळखता येतो. कवेलू धड असेल तर स्वच्छ, लांबत जाणारा टणत्कार. अंगात केसाएवढी जरी चीर असली तरी बद्द, जागच्या जागी विझणारा आवाज. डोळ्यांना न दिसणारी चीर कानांना सापडते, हे ज्ञान मला कुठल्या ग्रंथाने दिले नाही. रायपूरच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या बंधुसभेच्या छपराने दिले.

रेल्वेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकऱ्यांपायी विदर्भातून इकडे आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी ही सभा स्थापली आणि तिच्यासाठी एक बसकी, लांबट, कवेलारू इमारत उभारली. तिचा एक नियम होता. ज्येष्ठातल्या एका रविवारी छपराची कवेलू सभासदांनीच फेरायची, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची; मजूर लावायचा नाही. शिडीच्या पायथ्यापासून आढ्यापर्यंत माणसांची रांग लागे, साहेबाच्या हातून कारकुनाच्या हातात कवेलू जाई, आणि दुपारपर्यंत दोघांचीही तोंडे सारखीच धुळकट होत. नव्या सभासदाचा प्रवेशही त्याच दिवशी! त्याच्या कानाशी कवेलू वाजवायचे आणि ते धड की फुटके, हे त्याने सांगायचे. चुकला तर पोहे वाढण्याचे काम त्याच्याकडे. मी पहिल्याच वर्षी चुकलो आणि पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचे पातेले घेऊन सगळ्या पंगतीतून फिरलो. इतक्या आपुलकीने माझी फजिती पुढे कुठल्याच संस्थेने केली नाही.

मग सभासद म्हातारे झाले. अशाच एका रविवारी आमचे जुने सभासद दामोदर काकाजी यांचा पाय शिडीवरून निसटला. थोडक्यात निभावले. मी तेव्हा नुकताच सभेचा सचिव झालो होतो, आणि नवा सचिव म्हणजे उत्साहाचा अतिरेकच! इमारतही वाचावी आणि माणसांचे गुडघेही, म्हणून मी ठराव मांडला की कवेलू उतरवावीत आणि छपरावर पत्र्याच्या टिना घालाव्यात. ठराव एकमताने संमत झाला. उतरवलेली कवेलू मागच्या अंगणात भिंतीशी रचून ठेवली गेली.

टिना उत्तम होत्या, थेंबभर पाणीही आत आले नाही. पण हळूहळू माणूसही आत येईनासा झाला. सभेची सूचना जाई, खुर्च्या मांडल्या जात, आणि मी व पंखा एकमेकांकडे पाहत बसू. जी वास्तू जपण्यासाठी आपण एवढी धडपड करतो, ती कशाच्या आधारावर उभी आहे हे आपण कधी विचारतो का? मी विचारले नाही. मी फक्त समता कॉलनीतल्या माझ्या घरी बसून, लोकांना आता आस्था उरली नाही, असे चार लोकांना ऐकवत राहिलो.

गेल्या वर्षी एका बिल्डरचा प्रस्ताव आला. इमारत पाडायची, तिथे पाच मजले उठवायचे आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक सभागृह आम्हाला द्यायचे. खरे सांगतो, माझे मन निम्मे तिकडे झुकले होते. निर्णयाच्या सभेला नऊ जण आले. मी प्रस्ताव वाचला आणि वर अनास्थेवर दोन कडवट वाक्येही जोडली. काकाजींना आता कमी ऐकू येते. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, सावकाश वाचला, घडी केली.

"आमी कवेलू फेराले येत होतो, सभेले नाई," ते म्हणाले. "तुनं कामच काढून घेतलं. मंग लोकं काहून येतीन?"

मला राग आला, आणि पाठोपाठ लाज वाटली. कारण ते खरे होते. बिल्डरला वर्षभर थांबा म्हणून कळवायचे ठरले. या ज्येष्ठात निदान ओसरीवरच्या टिना काढून पुन्हा कवेलू घालायची, आणि माणसे जमली तरच इमारत ठेवण्याचा विचार करायचा, असेही ठरले.

सुताराने वासे आधी तपासून दिले होते. ठरल्या रविवारी सतरा जण आले. बहुतेक तरुण, मराठी समजणारे पण उत्तर हिंदीत देणारे. काकाजींची नात रेवा तेलीबांध्याच्या एका कचेरीत काम करते. सर्वांत आधी शिडीला हात तिने घातला. मुलींनी छपरावर चढू नये असा नियम नव्हता. तशी वेळच आम्ही कधी येऊ दिली नव्हती, हे अधिक खरे.

काकाजी खाली खुर्चीवर बसून एकेक कवेलू वाजवून पुढे देत होते. माझ्या हातात आलेले एक मी सवयीने ठोकले, तर ते बद्द! दुसरेही तसेच. तेव्हा ध्यानात आले, काकाजींना तो आवाज आता ऐकूच येत नव्हता. काय करावे? सगळ्यांदेखत त्यांना उठवावे? माझा धीर होईना. तेवढ्यात त्यांनीच रेवाला शिडीवरून खाली बोलावले आणि एक कवेलू तिच्या कानाशी धरून वाजवले.

"मले ऐकू येत नाई पोरी. तू सांग."

तिने क्षणभर डोळे मिटले. "फूटा है, आजोबा."

दुसरे वाजवले. "ये अच्छा है." कोणता आवाज कशाचा, हे तिला कुणी शिकवले नव्हते. काकाजींनी शंका न घेता पहिले बाजूला टाकले, दुसरे पुढे दिले, आणि माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले, "हा चुकला होता."

दुपारी ओसरी पुरी झाली. दालनाचे मोठे छप्पर अजून टिनांचेच आहे, आणि बिल्डरचा कागद माझ्या खणात आहे. शेवटचे कवेलू बसवण्याआधी रेवाने वरून ते ठोकून पाहिले. तो टणत्कार अंगणभर लांबत गेला. काकाजी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि तेवढ्यावरून त्यांनी मान डोलावली.

मग पंगत बसली. कुणी सांगितले नव्हते, पण पोहे मीच वाढले.